शेपूट गळालेला बेडूकमासा

अमिरातीतल्या हत्ताच्या डोंगरात पावसानंतर वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात, डबकी साचतात. तिथे लेकीला बेडूकमासे दाखवत होतो. शेजारच्या अरब आजोबांनी त्यांचं नाव सांगितलं: अबू धुनैबा, छोट्या शेपटीचा बाप. अबू धाबी म्हणजे हरणाचा बाप, घडण तीच. मराठीला त्या जीवात मासा दिसला, अरबीला शेपूट. इंग्रजीतला ‘टॅडपोल’ मात्र भेक आणि डोकं या दोन जुन्या शब्दांचा जोड. अमिरातीत बेडूक नाहीतच, भेकांच्या दोन जाती आहेत. इंग्रजी नाव इथे अक्षरशः खरं ठरतं.

‘टॅडपोल’ हा शब्द कणभौतिकीत रुळण्यात सिडनी कोलमन आणि शेल्डन ग्लॅशो यांच्या 1964 च्या निबंधाचा मोठा वाटा. आधी ठरवलेलं ‘स्पर्मिऑन’ हे नाव ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकांनी नाकारलं, असं कोलमन यांनीच 1985 मध्ये लिहिलं. दोन्ही नावांमागची आकृती एकच: गोल डोकं आणि एकच शेपूट.

ते नाव पुढे जिथे पोचलं, तिथली गोष्ट अशी: केनेथ विल्सन यांनी 1974 मध्ये क्वार्कांसाठी अवकाश-काळाची जाळी विणली. जाळीच्या प्रत्येक दुव्यात क्वार्कांना बांधणाऱ्या ग्लुऑनचं क्षेत्र घातांकात बसतं. तो घातांक उलगडला की जाळीतल्या अंतराच्या वर्गाने गुणलेलं एक पद निघतं. जाळी बारीक केली की ते विरून जायला हवं. पण ग्लुऑन निघाला त्याच जागी परतला, तर त्या वेटोळ्याचं मूल्य अंतराच्या वर्गाच्या व्यस्तात फुगतं. दोन्ही वर्ग कटतात आणि पद ठाण मांडून बसतं. म्हणूनच जाळीवरच्या क्वार्क-ऑपरेटरांना खऱ्या जगाच्या मापात आणणारे गुणक एकापासून इतके ढळतात.

लेपाज आणि मॅकेन्झी यांनी 1993 मध्ये या वेटोळ्यालाच टॅडपोल म्हणत प्रत्येक दुवा एका सरासरीने भागायचा उपाय दिला. त्यासाठी चार दुव्यांच्या चौकटीच्या सरासरीचं चौथं मूळ घ्यायचं. क्वार्कांची वेटोळी वगळलेल्या आणि जोडणीची ताकद ठरवणारा बीटा 6 असलेल्या जाळीवर ते 0.878 च्या आसपास येतं. क्वार्क-ऑपरेटरांचे ते गुणक थेट संगणकावर काढण्याची मार्टिनेल्ली आणि सहकाऱ्यांची रीत 1995 ची.

माझं म्हणणं त्या नावाबद्दल आहे. जाळीवरच्या टॅडपोलला शेपूट कुठे आहे? वेटोळं थेट क्वार्कच्या रेघेवर बसतं. ती रेघच शेपूट, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही: रेघ दोन्हीकडे जाते, आणि दोन शेपटांचा टॅडपोल कोलमन-ग्लॅशोंच्या आकृतीत नव्हता. 1964 ते 1993 च्या दरम्यान शेपूट गळाली आणि नाव डोक्याला चिकटून राहिलं, असा माझा तर्क आहे. इंग्रजी शब्दात मुळातच डोकं असल्यामुळे ते खपलं. अबू धुनैबा इथे टिकलं नसतं, आणि बेडूकमासाही नाही. माझ्या टिपणांत मी ‘भेकडोकं’ लिहितो.