तिथीची पाऊणपट: ठाणे खाडीतील मासेमारी

ठाण्याच्या मासेमारीचा इतिहास लिहिताना होड्या आणि जाळी मोजली जातात, पण ती चालवणाऱ्या पाण्याकडे कोणी फारसे पाहत नाही. खुल्या समुद्रात किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. चेंदणीच्या कोळ्याचे पोट मात्र भरती-ओहोटीच्या प्रवाहावर अवलंबून होते.

साष्टी बेटाला भरती दोन बाजूंनी भिडते. एक पाणी मुंबई बंदरातून वर चढते. दुसरे वसईच्या खाडीतून, घोडबंदरावरून उल्हास नदीत शिरते. गलबते कल्याणला जात ती या दुसऱ्या पाण्यावर. दोन्हींना जोडणारी चिंचोळी वाट ठाण्यापाशी आहे. पाणी इतके खेळते असल्यावर माशामागे धावण्यापेक्षा त्याच्या वाटेत जाळे रोवणे शहाणपणाचे. डोल हे असेच जाळे. लांबट, शेपटाकडे निमुळती होत जाणारी ही पिशवी खुंटांना बांधून तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. ती ओढावी लागत नाही. जवळा, करंदी पाण्याबरोबर आत येतात. पाणी फिरले की तोंडही फिरवायचे.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की तो निम्म्याहून कमी होतो, पाण्याची ओढ सरते आणि डोल फुगत नाही. हे दिवस जाळी तुणण्याचे. चिखलातली कालवे, निवटे काढणाऱ्या बायकांनाही उधाणाची मोठी ओहोटीच सोयीची. मिठागरात पाणी घेतले जाई तेही उधाणाचेच.

वेळेचा हिशेब कोकणभर एकच: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत थोडी उशिरा. अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८पासून मिळतात. कोळ्याला मात्र तिथी आणि पाऊणकीचा पाढा पुरे. माझ्या मते या धंद्याचे खरे दप्तर पंचांग हेच होते.

खाडीवर पूल बांधून रेल्वे १८५४ साली कल्याणला पोचली. पुढे रस्त्यांचे पूल झाले, भराव पडले, १९६०नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. वरच्या टोकाला गाळ साचत गेला आणि कांदळवन पसरले. फ्लेमिंगोंना हा चिखल मानवला. २०१५मध्ये खाडीत त्यांचे अभयारण्य जाहीर झाले, २०२२मध्ये रामसर दर्जाही मिळाला. डोलीला मात्र खोली आणि ओढ दोन्ही लागतात. पाऊणपटीने आजही भरतीची वेळ बरोबर निघते. पण डोल वाहत येणारे सगळेच पोटात घेते, म्हणून जवळ्याआधी प्लास्टिक निवडावे लागते.