धाकटे भाऊ

उपदेश करणारा माणूस बहुधा उंचावर उभा असतो. मशिदीतलं मिंबर असो, कीर्तनाचं व्यासपीठ असो की चर्चमधलं प्रवचनपीठ, ऐकणारे खाली बसतात. ही उंची डोक्यात जाऊ न देणं फार थोड्यांना जमतं. अशा एका माणसाची आज आठवण काढू या.

इटलीतल्या असिसी गावच्या कापडव्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस. घरची श्रीमंती सोडून तो कुष्ठरोग्यांच्या सेवेला लागला. सोबती जमले, तेव्हा त्यांनी नाव घेतलं 'धाकटे भाऊ'. धाकट्यानं मिरवायचं नसतं, राबायचं असतं.

१२१९ साली पाचवं धर्मयुद्ध चालू होतं. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या दमिएट्टा शहराला ख्रिस्ती फौजांचा वेढा पडला होता. समोर होता सुलतान अल्-कामिल, सलाहुद्दीनचा पुतण्या. फ्रान्सिस निःशस्त्र त्याच्या छावणीत गेला. काही दिवस तिथं त्यानं आपल्या धर्माची शिकवण सांगितली. सुलतानानं ती ऐकून घेतली आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. त्या वेढ्याच्या वेळी हजर असलेल्या जाक द व्हित्री या बिशपनं ही हकिगत लिहून ठेवली आहे.

सुलतान ख्रिस्ती झाला नाही. युद्धही थांबलं नाही. नोव्हेंबरात शहर पडलं. मग या भेटीतून निघालं काय?

१२२१ मध्ये फ्रान्सिसनं आपल्या भावांसाठी नियम लिहिले. मुसलमानांमध्ये जाणाऱ्यांना त्यानं दोन वाटा सांगितल्या. पहिली अशी : भांडण नको, वाद नको, देवासाठी सगळ्यांपुढे लहान व्हावं, मात्र आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नये. दुसरी वाट प्रवचनाची. पण देवाची तशी इच्छा दिसेल तेव्हाच. म्हणजे आधी वागणं, मग बोलणं.

त्याच १२२१ साली नाईलच्या पुरात कोंडलेली ख्रिस्ती फौज शरण आली. सुलतानानं त्या उपाशी शत्रूला अन्न पुरवलं. हातात विजय असताना दाखवलेली ही नम्रताच की!

मी मुसलमान आहे. फ्रान्सिसचा धर्म माझा नाही, पण त्याचा नियम मला माझा वाटतो. आपली श्रद्धा न लपवता दुसऱ्याच्या दारात लहान होऊन उभं राहणं, आणि दारात आलेल्याचं मन लावून ऐकणं, दोन्ही अवघडच. त्या छावणीत दोघांनाही ते साधलं होतं.