बांधून घेण्याचा इतिहास

मोटारीत बसलेल्या माणसाला खुर्चीशी बांधून ठेवावे, ही कल्पना आपल्याकडे कुणाला सुचणे शक्यच नव्हते. आपण बांधतो ते सामान, तेही टपावर. माणूस हा कोंबायचा असतो. फियाट आणि अँबॅसिडरच्या काळात पुढच्या सलग सीटवर तिघे, मागे चौघे आणि त्यांच्या मांडीवर पुढची पिढी, अशी गाडी भरली की जागचे हलायची कुणाची छाती होती? शेजाऱ्याचे कोपर हाच त्या काळचा पट्टा.

स्वीडनमध्ये मात्र माणसे मुळातच कमी. तिथल्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन नावाच्या इंजिनियराने १९५९ साली खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, एका हाताने अडकवता येणारा पट्टा आणला. गंमत अशी, की हे गृहस्थ त्याआधी साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर उडवणाऱ्या खुर्च्या करीत असत. माणूस बाहेर कसा फेकावा याचा अभ्यास पुरा झाल्यावरच त्यांनी तो आत कसा ठेवावा याला हात घातला. आणि कंपनीनेही हे पेटंट स्वतःच्या तिजोरीत न ठेवता सगळ्या मोटारवाल्यांना खुले केले.

पण माणूस तो माणूसच. पट्टा दिला तर तो सैल लावणार. धडक बसली की ती ढील संपेपर्यंत तो पुढे जातो आणि मग त्याची नि पट्ट्याची भेट होते. ही ढील आधीच ओढून घेणारे यंत्र, म्हणजे प्रिटेन्शनर, मर्सिडीजने १९८१ साली आपल्या एस-क्लास गाडीत एअरबॅगच्या जोडीला दिले. त्यात चिमूटभर दारू असते. धडक कळताच गाडीतला छोटा संगणक तिला विजेने चेतवतो, वायूच्या दाबाने पट्टा मागे खेचला जातो आणि छातीशी घट्ट बसतो. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आपल्या तोंडून ‘अरे’सुद्धा बाहेर पडलेले नसते. एकदा उडाला की मात्र तो संपला. नवा बसवावा लागतो.

असा हा फटाका वर्षानुवर्षे पट्ट्याशेजारी गप्प बसून असतो. संगणकाचा मात्र त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. गाडी चालू असेपर्यंत तो अगदी बारीक प्रवाह सोडून विचारीत राहतो, “आहेस ना रे?” दोन-तीन ओहमचे उत्तर आले की समाधान. भलतेच आले, की समोर तांबडा दिवा लागतो : पोटाशी भोपळा धरून बसलेल्या माणसाचे चित्र.

आमच्या गाडीत हा भोपळेवाला डहाणूच्या मुक्कामात प्रकट झाला. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने दिव्यावर काळी टेप लावायला सांगितले. दुसरे जरा मुळाशी जाणारे निघाले, ते म्हणाले बल्बच काढा. शेवटी तलासरीच्या बाजूला हायवेवरच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या पोराने आधी स्कॅनर लावून कोड पाहिला, मग बॅटरीची तार काढली आणि चहा मागवला.

“काका, दहा मिनिटं थांबायचं. पोटात करंट साठलेला असतो.”

“मीटर लावून ओहम मोजलेस तर?”

“आणि मीटरच्याच करंटनं उडाला तर?” त्याने शांतपणे फुंकर मारून घोट घेतला.

चहा संपल्यावर त्याने सीटखालचा पिवळा प्लग सोडवला आणि प्रिटेन्शनरच्या जागी दोन ओहमचा एक रेझिस्टर जोडला. युक्ती साधी : दोष गेला तर खोट फटाक्यात, नाही गेला तर तारेत. बॅटरी जोडून पाहिले, दोष तसाच. म्हणजे फटाका निर्दोष सुटला! डहाणूच्या खाऱ्या हवेने प्लगाच्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि सीट पुढेमागे सरकून ढिल्याही झाल्या होत्या. त्याने पुन्हा बॅटरी सोडली, पुन्हा थांबला, नवा प्लग बसवला, रेझिस्टर काढून फटाका परत जोडला. भोपळेवाला मावळला. पैसे घेताना पोरगा म्हणाला, “गाडी आपल्या पट्ट्याची रोज चौकशी करते, काका. मागं बसणाऱ्यांची कोण करतं?”

तलासरीहून त्याच रस्त्याने मुंबईकडे निघाले, की डहाणू तालुक्यातच चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईला येणारी मोटार या पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीजचीच. आत चौघे होते. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुलापाशी अरुंद होणाऱ्या रस्त्याबद्दलही पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. पण रस्ता आपल्या हातात नसतो, पट्टा असतो.

आपल्याकडे मागची सीट ही मानाची जागा. तिथे साहेब बसतात, आजी बसतात, व्याही बसतात. पट्टा हा ड्रायव्हरचा गणवेश, अशी आपली समजूत. मागच्यांनाही पट्टा हवा, हे नियमात आधीपासून होते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून ते मनावर घेतले. तोवर बाजाराने उपाय काढलेला होताच : पट्ट्याऐवजी खाचेत अडकवायची आणि गाडीचे ओरडणे बंद करायची क्लिप! २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानदारांना ती विकायला बंदी केली, तेव्हा तेरा हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या. संगणकाला फसवायला आपण पैसे मोजायला तयार होतो. पट्टा तर गाडीबरोबर फुकटच आलेला होता.

बोलिनसाहेबांपासून त्या पोरापर्यंत सगळ्यांनी आपापले काम चोख केले, तरी एक काम उरतेच. अडकवलेला पट्टा घट्ट करणारे यंत्र आहे. न अडकवलेला पट्टा अडकवणारे नाही. तेव्हा व्याह्यांना राग आला तरी चालेल; त्यांच्या पट्ट्याचा ‘खट्’ असा आवाज ऐकल्याशिवाय किल्ली फिरवू नये.