उचलून आणलेली घरं

चेन्नईहून महाबलीपुरमकडे निघालं की पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यावर मुट्टुकाडू लागतं. तिथल्या दहा एकरांच्या आवारात केरळातल्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबाचं लाकडी घर, तमिळ ब्राह्मणांच्या अग्रहारातली घरं, चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याची हवेली, आंध्रच्या किनाऱ्यावरचं गोल घर आणि उत्तर कर्नाटकातल्या विणकराचं घर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. अशी एकूण अठरा घरं. यांतली कित्येक आपापल्या गावी पाडायला काढलेली होती. ती विकत घेतली, उतरवली, इथे आणली आणि पुन्हा बांधली. जागेचं नाव ‘दक्षिणचित्र’.

सुट्टीच्या दिवशी इथे कुटुंबंच्या कुटुंबं येतात. म्हातारी माणसं अग्रहाराच्या ओट्यावर टेकतात आणि मुलं धावतात ती थेट कुंभाराच्या चाकाकडे. कुंभार मुलाचे हात आपल्या हातांत धरून गोळ्यावर ठेवतो. गोळा फिरत्या चाकाच्या मधोमध बसेपर्यंत हातांना हिसके बसत राहतात. मग अंगठा आत घालायचा. तो जरा जास्त दाबला गेला की भांड्याची कड एका बाजूला लवंडते. कुंभार ओल्या बोटांनी ती सावरतो आणि दोऱ्याने भांडं कापून हातावर ठेवतो. काचेच्या कपाटापुढे पाच मिनिटंही न थांबणारं पोर इथून हलायला तयार नसतं.

जुनी घरं उचलून एका जागी मांडायची आणि त्यांत माणसं कामाला बसवायची, ही कल्पना स्वीडनची. आर्थर हाझेलियस १८७२ साली दालार्ना प्रांतात फिरत होता. कारखाने आणि रेल्वे आल्यावर खेड्यांतले पोशाख, अवजारं, घरं किती झपाट्याने मोडीत निघत आहेत, हे त्याला तिथे दिसलं. त्याने वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये त्यांचं प्रदर्शन उघडलं. पण नुसत्या वस्तूंवर त्याचं समाधान होईना. ११ ऑक्टोबर १८९१ रोजी त्याने शहरालगतच्या टेकडीवर ‘स्कान्सेन’ सुरू केलं. देशभरातून आणलेली घरं, शेतवाड्या, त्यांत त्या त्या भागाच्या पोशाखातली माणसं, चालू असलेली कामं, सणवार, नाचगाणी. जगातल्या अशा उघड्यावरच्या संग्रहालयांपैकी बहुतेकांनी पुढे हाच कित्ता गिरवला. हाझेलियस १९०१ मध्ये वारला. त्याची समाधी स्कान्सेनमध्येच आहे.

चेन्नईजवळ हे काम मनावर घेतलं ते डेबोरा त्यागराजन यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर चेन्नईकर झालेल्या या कला-इतिहासकार तमिळ खेड्यांत हिंडत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत हवेल्या उतरवल्या जात होत्या. चेट्टियार व्यापाऱ्यांचा पैसा ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायातल्या सावकारीतून आलेला. दुसऱ्या महायुद्धाने ती घडी विस्कटली. घरं प्रचंड, वारस अनेक, राहणारं कोणीच नाही. मग सागवानी खांब आणि कोरीव दारं बाजारात गेली. १९८४ मध्ये ‘मद्रास क्राफ्ट फाउंडेशन’ स्थापन झालं आणि डिसेंबर १९९६ मध्ये दक्षिणचित्र लोकांसाठी खुलं झालं. आवाराच्या आखणीमागे वास्तुविशारद लॉरी बेकर यांचा विचार होता आणि पुढचं बांधकाम बेनी कुरियाकोस यांनी पाहिलं.

घर हलवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? केरळातलं जुनं घर त्या मानाने सोपं. तिथल्या सुतारांनी लाकडाचे जोड खाचा आणि कुसवांनी बसवलेले असतात. फळीफळीवर, तुळईतुळईवर खूण करायची, उलट्या क्रमाने उतरवायची आणि नव्या जागी त्याच क्रमाने चढवायची. माती आणि दगडाच्या घरांचं तसं नसतं. भिंत काही उचलून आणता येत नाही. दारं, खांब, तुळया येतात आणि भिंती नव्याने घालाव्या लागतात. त्यासाठी तशी भिंत घालणारा गवंडी, तसं छप्पर शाकारणारा माणूस लागतो. आंध्रच्या गोल घराचं ताडाच्या पानांचं छप्पर जमिनीलगत उतरतं, कारण त्या किनाऱ्याला चक्रीवादळं पाचवीलाच पुजलेली. असं छप्पर काही वर्षांनी बदलावंच लागतं. शाकारणारा नसेल तर घरही नाही. या संग्रहालयाचं सगळ्यात मोलाचं काम इथे आहे, असं म्हणायला हवं. घर टिकवायचं म्हणून कारागिराला काम मिळत राहतं आणि काम मिळतं म्हणून त्याची विद्या पुढे जाते.

मराठी माणूस या आवारात दोन ठिकाणी थबकेल. पहिली जागा इलकलच्या विणकराचं घर. ज्याला आपण इरकली लुगडं म्हणतो, ते या गावचं. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत आजीच्या ट्रंकेत एखादं तरी असतंच. त्याच्या पदराचा ताणा वेगळा असतो, बहुधा रेशमी, आणि अंगाचा वेगळा. अंगाच्या ताण्याचा एकेक धागा पदराच्या धाग्यात फासा घालून अडकवायचा, मग विणायला बसायचं. हा सांधा घालायला माणूस एकटा पुरत नाही, घरच्यांचे हात लागतात. म्हणून विणकराचं घर आणि विणकराचा माग या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवताच येत नाहीत.

दुसरी जागा चामड्याच्या बाहुल्यांची. तमिळनाडूत ‘तोलपावैकूत्तु’ नावाने छायाबाहुल्यांचा खेळ करणारी घराणी घरात आजही मराठी बोलतात. खेळ तमिळमध्ये, रामायणही तमिळ वळणाचं, पण आपापसातली भाषा मराठी. तंजावरच्या मराठा राज्याशी ही मंडळी आपलं नातं सांगतात. ते राज्य व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत चाललं. राज्य गेलं, दरबार गेला, आणि गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या माणसांच्या तोंडी भाषा राहिली.

महाराष्ट्रात असं आवार का नाही, हा प्रश्न इथे मनात आल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बारा बलुतेदारांचं गाव तिथे पुतळ्यांतून इतकं जिवंत उभं केलंय की शाळांच्या सहली वर्षभर लागलेल्या असतात. त्याची मेहनत मोठी आहे. पण लोहाराचा हातोडा उगारलेला तो उगारलेलाच राहतो. घण नेमका कुठे बसला की विळ्याला धार येते, हे पोराला कळायचं तर भाता चालू हवा. पुण्या-नाशकातले वाडे तर चेट्टिनाडच्याच वाटेने चाललेत. वारसांचे वाद, जुने भाडेकरू, चढलेले जमिनीचे भाव. एखादा वाडा पडतो, त्याचा दिंडीदरवाजा हॉटेलाच्या शोभेला जातो आणि चौक कसा होता, न्हाणीघर कुठे होतं, हे दहा वर्षांत कोणाला सांगता येत नाही. त्यांतला एक वाडा, एक कोकणी चौपाखी घर आणि विदर्भातलं एक धाब्याचं घर तरी वेळेवर उतरवून एका जागी बांधायला हवं.

एका घराने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच ठाकर समाजाच्या कलांचं संग्रहालय उभं केलं. चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे आलेल्यांना कुटुंबातलीच माणसं एकेक चित्र पुढे धरून कथा गाऊन दाखवतात, दिव्यापुढे पडदा बांधून बाहुल्या नाचवतात, आणि मुलांनी मागितल्या तर हाताळायलाही देतात.