स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची समतुल्यता : 'इव्हेंट लॉग' धरावेत का?

ब्लॉकचेनवर आपोआप अमलात येणाऱ्या संगणकीय कराराला 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. इथेरियमवर असे करार २०१५ पासून चालतात. खर्च वाचविण्यासाठी करार नव्याने लिहिल्यास जुना व नवा समतुल्य आहेत का, हे तपासावे लागते. शिल्लक रकमा व उत्तरे जुळली की पुरे, असे एक मत आहे. कारण व्यवहाराच्या 'इव्हेंट लॉग' या नोंदी कोणत्याही कराराला वाचता येत नाहीत. शिवाय प्रत्येक नोंदीला किमान ३७५ गॅस, म्हणजे शुल्काची एकके, लागतात.

मात्र, समजा जोतिबाच्या डोंगरावर दोन भाविकांनी सारखीच देणगी दिली आणि पावती एकालाच मिळाली. तिजोरीतील रक्कम तीच राहील. पण हिशेब तपासणाऱ्याला एक व्यवहार दिसणारच नाही. अनेक वॉलेट व एक्स्चेंज लॉग वाचूनच जमा-नावे दाखवितात. 'ईआरसी-२०' या टोकन-मानकात रक्कम हस्तांतरित होताना 'ट्रान्सफर' ही नोंद सक्तीची आहे. प्रत्येक ब्लॉकच्या शीर्षभागातही या नोंदींचा गणिती ठसा असतो.

त्यामुळे नोंदींचे नाव, मजकूर व क्रम तपासणीत धरणेच योग्य ठरते. केवळ चाचणीपुरत्या नोंदी वगळायच्या असल्यास तसे अहवालात स्पष्ट नमूद करावे.