एका रात्रीचं ब्राउनस्टाइन

मागच्या पावसाळ्यात आमच्या कंपूतला एक मित्र नोकरीसाठी परदेशी निघाला. जायच्या आधीच्या शनिवारी एक वन-शॉट खेळायचा ठरला, म्हणजे एकाच बैठकीत सुरू होऊन संपणारा रोलप्लेइंगचा डाव. गेम मास्टर मी. आठवडाभर जागून राज्याचा नकाशा, तीन राजघराण्यांच्या वंशावळी, दोनशे वर्षांचा इतिहास असं सगळं लिहून काढलं. पात्रं घडवण्यातच दीड तास गेला. रात्री एक वाजता मंडळी अजून पहिल्या गावातल्या खानावळीतच होती आणि ज्याच्यासाठी हा घाट घातला, तो कॅब बुक करत होता.

तेव्हा मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला. माझी समजूत अशी, की खरा खेळ म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी मोहीम आणि वन-शॉट ही तिची काटछाट. निघालं उलटंच.

१९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली या तरुणानं नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. पण नुसती दोन सैन्यं समोरासमोर न ठेवता त्यानं ब्राउनस्टाइन या काल्पनिक प्रशियन गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकर, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी साधायचं होतं. झालं काय, लढाई राहिली बाजूला आणि लोक आपसांत कारस्थानं शिजवत बसले. वेसलीला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी?

पुढच्या अशाच एका डावात, लॅटिन अमेरिकेतल्या एका कल्पित देशात, डेव्ह आर्नेसन विद्यार्थी क्रांतिकारक होता. तो चक्क सीआयएचं खोटं ओळखपत्र घेऊन आला आणि त्याच्या जोरावर त्यानं भल्याभल्यांना गुंडाळलं. याच आर्नेसननं पुढे ‘ब्लॅकमूर’ची मोहीम सुरू केली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणलं. म्हणजे मोहिमेच्या आधी एका बैठकीचा डाव होता.

१९७५ मध्ये बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात गायगॅक्सनं ‘टूम ऑफ हॉरर्स’ स्पर्धेसाठी चालवलं. स्पर्धेत वेळ मोजका, म्हणून पात्रं तयार आणि सुरुवात थेट थडग्यापाशी. हे दोन्ही मी उचललं. बाकी ते थडगं इतकं निर्दय आहे, की निरोपाच्या रात्री मित्रांना त्यात ढकलू नये.

माझी चूक वेळेच्या हिशोबाची नव्हतीच. मी दोनशे वर्षांचा इतिहास लिहिला, पण टेबलाशी बसलेल्या एकालाही त्या रात्री काय हवंय, ते लिहिलं नव्हतं.

दिवाळीत मित्र आठ दिवसांसाठी आला. या वेळी मी फक्त पाच चिठ्ठ्या केल्या. विकायला काढलेला वाडा, उद्या सकाळी सह्या. प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी: तू कोण, आज रात्री तुला काय हवं, कुणावर तुझा विश्वास नाही. राजघराणी नाहीत, खानावळ नाही. पहिलं वाक्य मी बोललो ते असं, “मूळ कागद तिजोरीत नाहीत.”

मित्र झाला होता सगळ्यात जुना भाडेकरू. त्यानं तीन तास कुणालाच धड झोपू दिलं नाही आणि शेवटी कागद परत दिले, ते माडीवरची खोली लिहून घेऊनच. साडेअकराला डाव संपला. मग चहा टाकला आणि कागद कुणी कुठे लपवले होते यावरून दोनपर्यंत भांडत बसलो.