झुडपांच्या नावांतला इतिहास

इतिहास म्हणजे लढाया आणि तहनामे, अशी आपली समजूत असते. परंतु रानातल्या एखाद्या झुडपाचे नावही जुन्या दप्तराइतकीच बोलकी साक्ष देते, असे आम्हांस वाटते. उत्तर अमेरिकेतील इंग्रजीचेच उदाहरण घ्या.

१६०७ साली व्हर्जिनियात इंग्रजांची जेम्सटाउन ही वसाहत झाली. तिथल्या कित्येक वनस्पतींना त्यांच्याजवळ नावे नव्हती. ती होती अल्गॉन्क्वियन कुळातली भाषा बोलणाऱ्या पोव्हाटन लोकांजवळ. चेस्टनटच्या जातीचे, झुडूपवजा, गोड बियांचे एक झाड आहे. कॅप्टन जॉन स्मिथने १६१२ च्या आपल्या ग्रंथात त्याच्या फळाचे नाव ‘चेचिंक्वामिन’ असे टिपले. त्याचेच पुढे ‘चिंकापिन’ झाले.

या शब्दातला ‘मिन’ म्हणजे फळ. आता तेथून हजारो मैल दूर, कॅनडाच्या माळावर चला. तिथल्या क्री भाषेत जांभळ्या फळांच्या एका झुडपाच्या फळाला ‘मिसास्क्वाटोमिन’ म्हणतात. तोच ‘मिन’! भाषांचे नाते सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा? सुक्या मांसात चरबी कालवून केलेल्या पेमिकनमध्ये हे फळ घालीत. इंग्रजांनी त्याचे ‘सॅस्काटून’ केले, आणि १८८२ च्या सुमारास वसू लागलेल्या गावाला तेच नाव मिळाले. आज ते मोठे शहर आहे.

काही नावांत झुडपाचा उपयोगच साठवलेला आहे. ‘विकोपी’ हे मूळ अबेनाकी भाषेत अंतर्सालीचे नाव. या झुडपाची साल इतकी चिवट, की तिचे दोर वळीत. ‘किनिकिनिक’ म्हणजे मिश्रण. तंबाखूत मिसळून ओढायच्या पानांचे नाव पुढे त्या झुडपालाच चिकटले.

मात्र ही देवघेव बरोबरीची नव्हती. शब्द घेणाऱ्यांनी जमीनही घेतली. पोव्हाटन भाषा बोलणारे पुढे उरले नाहीत. तिचे जे कळते ते बहुतांशी स्मिथ आणि स्ट्रेची यांच्या शब्दयाद्यांवरून. तरीही निराश होण्याचे कारण नाही. क्री आजही हजारोंच्या तोंडी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वाम्पानोआग लोकांनी तर १९९३ पासून, १६६३ साली छापलेल्या बायबलासारख्या जुन्या लिखाणांच्या आधारे, आपली मूक झालेली भाषा पुन्हा बोलती केली.

दुसऱ्याच्या भाषेत गेलेला शब्द ही केवळ आठवण होय. भाषा जगते ती घरात, मुलांच्या तोंडी. एवढे ध्यानी ठेवले, तर त्या दूरच्या झुडपांनी आपल्यालाही काही शिकवले असे आम्ही समजू.